वाचकांचे प्रश्न : जुन्या लढाऊ विमानांचे जतन

गोव्यातील नौदल विमान संग्रहालयाची छायाचित्रे मागील अंकात प्रसिद्ध झाल्यानंतर निवृत्त लष्करी विमानांच्या दुरुस्तीविषयी आणि जतनाविषयी वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांपैकी निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रांतील मजकूर थोडा संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : समुद्राजवळ उघड्यावर ठेवलेल्या विमानांच्या पत्र्यावर काही वर्षांत फुगवटे येतात आणि रंगाखालून पांढरी पूड बाहेर पडते. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी चांगल्या प्रतीचा रंग दिला, तर हा प्रश्न सुटणार नाही का? (एक वाचक, मडगाव)

रंग हा शेवटचा उपाय आहे. त्याआधीची कामे न करता दिलेला रंग बहुधा अपायच करतो. साधारण १९३० च्या दशकापासून विमानांचा पत्रा शुद्ध ॲल्युमिनियमचा नसून डुरल्युमिन जातीच्या मिश्रधातूचा असतो. त्यात सुमारे चार टक्के तांबे असते. या तांब्यामुळे हलका पत्रा साध्या पोलादाच्या तोडीचा बळकट होतो, पण त्याच तांब्यामुळे खाऱ्या हवेत तो आतून पोखरलाही जातो. म्हणून कारखान्यातच अशा पत्र्याच्या दोन्ही बाजूंवर शुद्ध ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर चढवलेला असतो. जुना रंग खरवडताना घासणी यंत्र सर्रास फिरवले, की रंगाबरोबर हा संरक्षक थरही निघून जातो आणि नव्या रंगाच्या चकाकीखाली आधीपेक्षा दुबळा पत्रा उरतो. उत्साही मंडळी आरशासारखा चमकेपर्यंत पत्रा घासतात, तेव्हाही हेच घडते.

खरी झीज मात्र वरून दिसतच नाही. दोन पत्रे जेथे एकमेकांवर येतात आणि रिव्हेटांनी जोडलेले असतात, तेथील फटीत पाणी ओढले जाते. पाणी सुकते, क्षार मागे उरतात आणि हवेतील ओलावा शोषून ते पुन्हा ओले होतात. क्षरणातून तयार होणारी पांढरी पूड मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापते, त्यामुळे दोन रिव्हेटांमधील पत्रा उशीसारखा फुगतो आणि शेवटी रिव्हेटांची डोकी तुटतात. ॲल्युमिनियममध्ये पोलादी बोल्ट बसवलेला असेल, तर खाऱ्या ओलाव्यात त्या दोन धातूंमध्ये विद्युतरासायनिक क्रिया सुरू होते आणि तीत बळी जातो तो ॲल्युमिनियमचा. चाकांच्या गाभ्यात आणि यंत्रांच्या आवरणांत वापरलेल्या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूंची अवस्था तर सर्वांत आधी बिघडते.

त्यामुळे कामाचा क्रम आधी छप्पर, मग धुलाई, मग निचरा आणि त्यानंतर रंग असा असायला हवा. छपराविषयी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. उघड्यावरच्या पत्र्यावरील क्षार पाऊस निदान धुऊन तरी नेतो. छपराखाली ऊन आणि पाऊस टळतात, पण खारा वारा आत येतच राहतो आणि साचलेले क्षार धुतले जात नाहीत. म्हणून किनाऱ्यावर केवळ शेड उभारून भागत नाही, त्या शेडमध्ये विमाने गोड्या पाण्याने नियमित धुवावी लागतात आणि नीट वाळवावीही लागतात. विमानाच्या पोटाखाली पाणी वाहून जाण्यासाठी मुळातच छिद्रे ठेवलेली असतात. ती धूळ, पाने, पक्ष्यांची घरटी आणि पूर्वीच्या रंगकामातील रंग यांनी बुजलेली असतात, ती मोकळी करणे हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे. ताडपत्रीने विमान घट्ट गुंडाळणे मात्र टाळावे, कारण आत अडकलेली वाफ पावसापेक्षा अधिक नुकसान करते.

बोगमाळो रस्त्यावरील हे संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले. त्यातील विमाने समुद्रापासून फारशी दूर नाहीत आणि त्या पट्ट्यात एका पावसाळ्यात अडीच ते तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. १९७१ च्या युद्धात विक्रांतवरून उडालेल्या सी हॉक आणि अलिझे या जातींची विमाने तेथे आहेत. शिवाय तीन शेपट्यांचे सुपर कॉन्स्टेलेशनही आहे. सुपर कॉन्स्टेलेशन जातीची ही विमाने आधी एअर इंडियाकडे होती, तेथून ती हवाई दलाकडे आणि १९७६ साली नौदलाकडे आली. एवढ्या आकाराच्या विमानासाठी बंद हँगर उभारणे खर्चिक आहे यात शंका नाही. तरीही रंगरंगोटीवर वारंवार होणारा खर्च एकदा छपराकडे वळवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर २०१७ पासून उभ्या असलेल्या टीयू-१४२ विमानालाही हेच लागू पडते.

प्रश्न : खारी हवा एवढी घातक असेल, तर समुद्राच्या तळातून काढलेली विमाने टिकवता येतात का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

येतात, पण बाहेर काढल्यानंतरचे पहिले काही तास आणि दिवस निर्णायक असतात. जर्मन बनावटीचे डॉर्निअर १७ हे बॉम्बफेकी विमान २६ ऑगस्ट १९४० रोजी इंग्लंडच्या केंट किनाऱ्याजवळील गुडविन सँड्स या वाळूच्या पट्ट्यात कोसळले होते. ते जून २०१३ मध्ये वर काढण्यात आले. या जातीचे बऱ्याच अंशी पूर्ण असे दुसरे विमान जगात शिल्लक नाही. वाळूखाली प्राणवायू कमी असल्यामुळे ते त्र्याहत्तर वर्षे टिकले. हवेचा स्पर्श होताच मात्र धातूत मुरलेले क्लोराइड झपाट्याने काम करू लागते. म्हणून कॉसफर्ड येथील रॉयल एअर फोर्स संग्रहालयात त्याचे भाग प्लॅस्टिकच्या लांबलचक बोगद्यांत ठेवण्यात आले आणि त्यांवर सौम्य सायट्रिक आम्लाच्या द्रावणाचा सतत फवारा मारण्यात आला. इंपीरियल कॉलेज लंडन येथील शास्त्रज्ञांच्या मदतीने ठरवलेल्या या द्रावणाने शंख-शिंपल्यांचे थर सैल होतात आणि क्षार हळूहळू बाहेर येतात, पण धातूला धक्का लागत नाही.

लिंबातही असणारे हे आम्ल घरच्या घरी कोणत्याही जुन्या पत्र्यावर वापरून पाहू नये. त्या द्रावणाची आम्लता सोडियम हायड्रॉक्साइड मिसळून काटेकोरपणे राखावी लागते. हे विमान पुन्हा नव्यासारखे जोडण्याचा हेतू त्या संग्रहालयाने कधीच ठेवला नव्हता. झीज थांबवून ते आहे त्या रूपात दाखवणे एवढेच उद्दिष्ट होते, आणि ते योग्यच होते.

प्रश्न : मी डेटनजवळ राहतो. तेथील हवाई दल संग्रहालयातील 'मेम्फिस बेल' पाहिले. ते कारखान्यातून आजच बाहेर पडल्यासारखे दिसते. युद्धात गोळ्या खाल्लेले विमान इतके देखणे करणे हा इतिहासाशी खोटेपणा नाही का? (एक वाचक, ओहायो)

प्रश्न महत्त्वाचा आहे, पण त्याचे उत्तर प्रत्येक विमानापुरते वेगळे द्यावे लागते. मेम्फिस बेल या बी-१७ जातीच्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानाच्या चमूने १७ मे १९४३ रोजी आपली पंचविसावी मोहीम पूर्ण केली आणि नंतर हे विमान युद्धरोख्यांच्या प्रचारासाठी अमेरिकाभर फिरले. युद्ध संपल्यावर ते मेम्फिस शहरात कित्येक दशके उघड्यावर उभे होते. पावसाने त्याला खाल्ले आणि आठवण म्हणून लोकांनी त्याचे भाग काढून नेले. २००५ मध्ये ते डेटनला आले, तेव्हा युद्धकाळातील रूप त्याच्यावर मुळी उरलेच नव्हते. त्यामुळे १९४३ मधील छायाचित्रे आणि चित्रफिती अभ्यासून त्याची पुनर्बांधणी करणे आणि मोहिमेला पंचाहत्तर वर्षे झाली त्या दिवशी, १७ मे २०१८ रोजी, ते लोकांसमोर मांडणे यात खोटेपणा नव्हता. नंतरच्या काळातील रंग उतरवताना प्रचारफेरीत लोकांनी पत्र्यावर कोरलेली नावे सापडली, हे तुमच्या प्रश्नाच्या संदर्भात विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. यंत्राने सरसकट रंग घासून काढला असता, तर ती नावे कोणाच्या दृष्टीस न पडताच गेली असती.

याच्या अगदी उलट उदाहरण लंडनच्या हेंडन येथील संग्रहालयात आहे. हॅलिफॅक्स जातीचे एक बॉम्बफेकी विमान एप्रिल १९४२ मध्ये टिर्पिट्झ या जर्मन युद्धनौकेवरील हल्ल्यानंतर नॉर्वेतील गोठलेल्या होक्लिंगन सरोवरावर उतरले, बर्फ वितळल्यावर तळाशी गेले आणि १९७३ मध्ये वर काढण्यात आले. संग्रहालयाने ते जवळजवळ सापडले तसेच, फाटक्या पत्र्यासह आणि उघड्या सांगाड्यासह ठेवले. ते पाहून निराश होणारे प्रेक्षक असतील, पण त्या रात्री ज्या धातूने मार सोसला तोच धातू आज समोर आहे, आणि नव्या पत्र्याने हे साधले नसते.

या दोन टोकांच्या मध्ये सर्वांत कष्टाचा मार्ग आहे. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने हिरोशिमावर बॉम्ब टाकणाऱ्या 'एनोला गे' विमानाचे काम १९८४ मध्ये हाती घेतले आणि ते पूर्ण जोडून २००३ मध्ये प्रदर्शनात मांडले. त्यात सुमारे तीन लाख मनुष्यतास खर्ची पडले. विमान सुटे करून, मूळ भाग शक्य तेथे राखून, प्रत्येक भाग स्वच्छ आणि संरक्षित करून ते पुन्हा जोडले, म्हणून एवढा काळ लागला.

आमचा आग्रह दोन गोष्टींपुरता आहे. ज्या जातीचे एखादेच विमान उरले आहे, त्याला कमीत कमी हात लावावा. दिल्लीच्या पालम येथील हवाई दल संग्रहालयात असलेले वेस्टलँड वापिती हे असे विमान आहे. भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी १ एप्रिल १९३३ रोजी कराचीत उभी राहिली ती याच जातीच्या विमानांवर, आणि या जातीचे दुसरे पूर्ण विमान आज कोठे नाही. दुसरी गोष्ट अशी की, बदललेल्या प्रत्येक भागावर आतल्या बाजूने तारीख आणि खूण असावी आणि काढलेला भाग भंगारात न जाता नोंदीसह जपला जावा. हे केलेले असेल, तर बाहेरून विमान कितीही देखणे दिसले तरी अभ्यासकाची फसवणूक होत नाही.

प्रश्न : मी विमानांच्या प्रतिकृती बनवतो. कृष्णधवल छायाचित्रांवरून जुन्या विमानांचे खरे रंग संग्रहालये कशी ठरवतात? (एक वाचक, नागपूर)

केवळ छायाचित्रांवरून ठरवू नयेत, हे पहिले. त्या काळातील काही फिल्मना लाल आणि पिवळा रंग नीट 'दिसत' नसे. त्यामुळे ब्रिटिश विमानांच्या वर्तुळाकार चिन्हाभोवतीचे पिवळे कडे काही छायाचित्रांत जवळजवळ काळे उमटलेले आढळते. विश्वासार्ह पुरावा विमानावरच असतो. लपलेल्या जागी, म्हणजे दुरुस्तीच्या झाकणांच्या आतील कडांवर किंवा पंखाच्या सांध्यात, बोटाच्या पेराएवढा भाग अतिशय बारीक पॉलिश पेपरने ओला करून उतरता घासतात. मग झाडाच्या खोडातील वलयांसारखे रंगाचे थर एकाभोवती एक उघडे पडतात आणि त्यांचा क्रम वाचता येतो. त्यानंतर कारखान्याची आणि दलाची कागदपत्रे त्या क्रमाशी ताडून पाहतात.

भारतीय विमानांच्या बाबतीत हे फार उपयोगी पडते, कारण त्यांच्यावरील चिन्ह अनेकदा बदलले. दुसऱ्या महायुद्धात जपानी विमानांवरील तांबड्या गोळ्याशी घोटाळा होऊ नये म्हणून ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील विमानांच्या चिन्हातून तांबडा रंग काढून टाकला गेला. स्वातंत्र्यानंतर काही काळ अशोकचक्र आले आणि १९५० पासून केशरी, पांढरा आणि हिरवा अशी आजची वर्तुळे आली. त्यामुळे १९४८ मधील टेंपेस्टवर आजची वर्तुळे रंगवली, तर ते विमान सुंदर दिसेल, पण चुकीचे असेल. प्रतिकृती करताना आपणही आधी वर्ष ठरवावे आणि मगच रंगाची बाटली उघडावी.

प्रश्न : लाकडाच्या आणि कापडाच्या विमानांचे काय करतात? (एक वाचक, सातारा)

टायगर मॉथसारख्या विमानांचे कापड ही मुळातच बदलण्याची वस्तू होती. सेवेत असतानाही काही वर्षांनी ते उतरवून नवे ताणत आणि त्यावर डोप नावाचा घट्ट करणारा लेप देत. म्हणून नवे कापड चढवण्यात गैर काही नाही. मात्र जुन्याचा, विशेषतः रंगवलेली अक्षरे आणि चिन्हे असलेला तुकडा काढून सपाट, अंधाऱ्या जागी ठेवावा. लाकडाच्या सांध्यांकडे अधिक लक्ष द्यावे लागते. १९४४ च्या शेवटी भारतातील मॉस्किटो विमानांचे चिकटवलेले सांधे सुटू लागले आणि ती काही काळ जमिनीवर ठेवावी लागली. इथल्या दमट उष्णतेबरोबर बांधणीतील उणिवाही त्याला कारण असल्याचे तेव्हा मांडले गेले. आजही अशा विमानांसाठी आर्द्रतेतील चढउतार हेच मुख्य संकट आहे.

प्रश्न : ओझरच्या कारखान्यात जन्मलेले एखादे मिग-२१ आमच्या महाविद्यालयाच्या प्रवेशद्वारापाशी चौथऱ्यावर बसवावे, असा माजी विद्यार्थ्यांचा विचार आहे. कोणती काळजी घ्यावी? (एक वाचक, नाशिक)

सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झाले, त्यामुळे अशी मागणी अनेक ठिकाणांहून होईल. हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या ओझर येथील कारखान्यात या जातीची विमाने मोठ्या संख्येने तयार झाली, तेव्हा नाशिककरांचा हक्क आम्ही समजू शकतो. तरीही चौथऱ्याचा विचार सोडून द्यावा, अशी आमची विनंती आहे.

खांबावर नाक वर करून बसवलेले विमान छायाचित्रात झेपावल्यासारखे दिसते, पण जमिनीवर समतल उभे असताना ज्या छिद्रांतून पाणी वाहून जाते, ती त्या तिरक्या स्थितीत निरुपयोगी होतात आणि शेपटीच्या भागात पाणी साचते. वाऱ्याने सांगाडा सतत हादरत राहतो. धुण्यासाठी किंवा तपासणीसाठी प्रत्येक वेळी क्रेन किंवा परांची लागते, म्हणून पहिली दोन वर्षे सरल्यावर कोणी तपासणी करतच नाही. त्याऐवजी विमान स्वतःच्या चाकांवर, छपराखाली ठेवावे. त्याचा भार टायरांवर न ठेवता, विमान उचलण्यासाठी ज्या जागा मुळातच नेमलेल्या आहेत त्यांच्याखाली पोलादी आधार द्यावेत. टायरांत हवा ठेवून भागत नाही, कारण रबर काही वर्षांत चिरते आणि एका बाजूची हवा गेली की सारे वजन वाकडे पडते.

सुरक्षिततेचा भाग तर पूर्णपणे तज्ज्ञांचा आहे. वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनात आणि कॉकपिटचे झाकण उडवणाऱ्या यंत्रणेत स्फोटक काडतुसे असतात. ती काढल्याचे हवाई दलाच्या शस्त्रविभागाचे लेखी प्रमाणपत्र हाती येईपर्यंत कोणालाही कॉकपिटमध्ये डोकावू देऊ नये. हायड्रॉलिक तेल आणि इंधन पूर्ण काढलेले असावे. जुन्या भागांत ॲस्बेस्टॉस, कॅडमियमचा मुलामा आणि क्रोमेटयुक्त प्रायमर असू शकतात, त्यामुळे विद्यार्थ्यांना श्रमदान म्हणून रंग खरवडायला लावणे धोक्याचे आहे. इंजिन किंवा रडार काढलेले असेल तर विमानाचा तोल बदलतो, त्याचा हिशेब अभियंत्याकडून करून घ्यावा. आणि त्या विशिष्ट विमानाचा क्रमांक, ते ओझरहून कधी बाहेर पडले आणि कोणत्या स्क्वाड्रनमध्ये राहिले, ही माहिती विमान ताब्यात घेतानाच मागून घ्यावी. नंतर ती मिळवणे फार अवघड जाते.

प्रश्न : चांगली दुरुस्ती केलेली विमाने उडती का ठेवत नाहीत? संग्रहालयात उभी करून काय उपयोग? (एक वाचक, कोल्हापूर)

काही ठेवतात. १९४७ मध्ये श्रीनगरला सैन्य उतरवणाऱ्या डकोटाच्या स्मरणार्थ व्हीपी ९०५ हा क्रमांक धारण करणारे एक डकोटा इंग्लंडमध्ये दुरुस्त होऊन एप्रिल २०१८ मध्ये स्वतः उडत भारतात आले आणि हवाई दलात दाखल झाले. पण उडते ठेवायचे म्हणजे आयुर्मर्यादा संपलेला प्रत्येक भाग बदलायचा, आजचे रेडिओ बसवायचे आणि वर्षागणिक मूळ धातू कमी होत जाताना पाहायचे. अपघाताचा धोका वेगळाच. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे प्रात्यक्षिकात एक बी-१७ आणि एक पी-६३ यांची टक्कर होऊन सहा जण मृत्युमुखी पडले आणि दोन दुर्मीळ विमाने नष्ट झाली. ज्या जातीची बरीच विमाने शिल्लक आहेत ती उडावीत. वापितीसारखे एकमेव विमान उडवण्याचा विचारही करू नये.

प्रश्न : माझे वडील पुण्यात सहाव्या स्क्वाड्रनमध्ये लिबरेटर विमानांवर होते. त्यांची लॉगबुके, काही छायाचित्रे आणि कॉकपिटमधील एक घड्याळ घरी आहे. घड्याळ साफ करून दिवाणखान्यात ठेवावे म्हणतो. (एक ज्येष्ठ वाचक, ठाणे)

घड्याळ उघडू नका आणि साफही करू नका. दुसऱ्या महायुद्धातील अनेक विमानांच्या तबकड्यांवर अंधारात चमकण्यासाठी रेडियमयुक्त रंग लावलेला असे. त्यातील चमकणारे रसायन काही दशकांत निकामी होते, म्हणून तबकडी आज चमकत नसली तरी ती निर्धोक आहे असे मानता येत नाही. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे सोळाशे वर्षे आहे. काच शाबूत असेल तोवर घड्याळ पिशवीत बंद करून, माणसांचा वावर नसलेल्या पण हवा खेळत्या जागी ठेवावे आणि किरणोत्साराची तपासणी करून घेतल्यावरच पुढचा निर्णय करावा.

लॉगबुकांचे मोल मात्र तुमच्या कल्पनेपेक्षा अधिक असू शकते. युद्धानंतर ब्रिटिशांनी कानपूरला टाकून दिलेली, मुद्दाम नादुरुस्त केलेली लिबरेटर विमाने हिंदुस्तान एअरक्राफ्टने बंगळूरला नेऊन पुन्हा उभी केली आणि भारतीय हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. इतर देशांनी आपली लिबरेटर विमाने केव्हाच भंगारात काढली होती. त्यामुळे आज ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडाच्या संग्रहालयांत असलेल्या लिबरेटरांपैकी अनेक भारतातून गेलेली आहेत. लंडनच्या संग्रहालयातील केएन ७५१ हे विमान भारताने १९७४ मध्ये भेट दिले. भारतात त्याचा क्रमांक एचई ८०७ होता.

तेव्हा लॉगबुकाला प्लॅस्टिकचे आवरण घालू नका, फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नका आणि छायाचित्रांच्या मागे शाईने लिहू नका. व्यक्तींची आणि ठिकाणांची नावे मऊ पेन्सिलीने लिहून ठेवा. मग उड्डाणांच्या नोंदींत 'एचई' ने सुरू होणारे क्रमांक शोधा, त्या पानांची छायाचित्रे काढा आणि ती विमान ज्या संग्रहालयात आहे त्याच्या अभिलेखागाराकडे पाठवा. मूळ वह्या सध्या तुमच्याकडेच राहू द्या.